कोंबड्या, कोंबडा आणि शेजार

अलीकडे शहरांतील पुष्कळ घरांच्या परसांत चारदोन कोंबड्या पाळण्याची हौस पुन्हां दिसूं लागली आहे. घरामागें दहापंधरा हात मोकळी जागा असली कीं तेथें एक खुराडें उभें राहतें. भाजीचीं देठें आणि ताटांतलें उष्टें वाया जात नाहीं, अंडें कोठून येतें तें मुलांना कळतें, आणि सकाळीं खुराड्यांत हात घालून कोमट अंडें बाहेर काढण्यांत जो आनंद आहे तो दुकानांतून डझनभर अंडीं आणण्यांत नाहीं. या हौसेविरुद्ध मला कांहीं म्हणावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें त्या खुराड्यांतील एकाच प्राण्याविषयीं. तो प्राणी म्हणजे कोंबडा. शेजारी भिंतीला भिंत लावून राहात असतां कोंबडा ठेवावा कीं ठेवूं नये, आणि ठेवावयाचाच झाला तर कोणत्या रीतीनें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उत्तर आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे ज्यांचें दूध चुलीवर आहे त्यांनीं पुढचें ऐकलें नाहीं तरी चालेल. अंड्यांसाठीं कोंबडा लागत नाहीं. ज्यांना केवळ अंडीं हवीं आहेत आणि ज्यांच्या शेजाऱ्याची निजावयाची खोली शंभर फुटांच्या आंत आहे, त्यांनीं कोंबडा ठेवूं नये. ज्यांना घरचीं पिलें हवीं आहेत त्यांनाहि तीं घरीं कोंबडा न ठेवतां मिळवितां येतात. तेव्हां शहरांत कोंबडा ठेवण्यास 'मला तो आवडतो' याखेरीज दुसरें कारण क्वचितच उरतें. तें कारण खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. मात्र त्याची किंमत दुसऱ्याच्या झोपेंत मोजली जाते, हें ध्यानांत असावें.

आतां अंड्याची गोष्ट जरा विस्तारानें सांगतों, कारण साऱ्या गैरसमजाचें मूळ तेथें आहे. शाळेंत शिकवीत असतांना मी वर्गाला विचारीत असें, "कोंबड्यावांचून कोंबडी अंडें घालील काय?" बहुतेक सारा वर्ग 'नाहीं' म्हणून मोकळा होई. मुलांना हंसण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्या घरच्या वडील माणसांचेंहि मत तेंच असे. वस्तुस्थिति अशी आहे कीं, तलंग पांचसहा महिन्यांची झाली म्हणजे तिच्या अंडाशयांत एकामागून एक बलक पिकूं लागतात. पिकलेला बलक अंडनलिकेंत उतरतो. त्याच्याभोंवतीं पांढरें जमतें, मग पातळ पडदे येतात, आणि शेवटीं कवच चढतें. या सगळ्या प्रवासाला चोवीस ते सव्वीस तास लागतात, आणि त्यांतले वीसएक तास तर एकट्या कवचाचे असतात. कोंबडीला दिवसाकांठीं एकाहून अधिक अंडें कां देतां येत नाहीं, याचें उत्तर यांतच आहे. या कामांत कोंबड्याचा हात कोठेंहि नाहीं.

हें काम चालतें तें उजेडावर. दिवसाचा प्रकाश चौदा ते सोळा तास मिळाला तर कोंबडी भरपूर अंडीं देते. आपल्याकडे पुण्याच्या बाजूस डिसेंबरांतला लहानांत लहान दिवस अकरा तासांचा व जूनमधला मोठ्यांत मोठा सव्वातेरा तासांचा असतो; म्हणून थंडीच्या दिवसांत घरच्या कोंबड्यांचीं अंडीं कमी होतात. त्यांतच कोंबड्या पिसें टाकूं लागल्या म्हणजे कांहीं आठवडे तीं अजीबात बंद पडतात. अशा वेळीं कोणीतरी सल्ला देतो कीं, "एक कोंबडा आणा, म्हणजे अंडीं सुरू होतील." कोंबडा येतो, तोंवर दिवस मोठा होऊं लागलेला असतो, अंडीं सुरू होतात, आणि श्रेय कोंबड्याला मिळतें. अशीं श्रेयें जगांत पुष्कळांना मिळत असतात, असो.

कोंबड्याचें काम अंडें सबीज करण्याचें. सबीज अंडें खुडूक कोंबडीखालीं एकवीस दिवस राहिलें तर त्यांतून पिलूं बाहेर येतें. निर्बीज अंडें कितीहि दिवस उबविलें तरी तें नासेल, पिलूं होणार नाहीं. खाणाऱ्याच्या दृष्टीनें दोहोंच्या पोषणांत भेद नाहीं. दुकानांत मिळणारीं मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांतील अंडीं निर्बीजच असतात, कारण अंड्यांसाठीं ठेवलेल्या हजारों कोंबड्यांत तेथें कोंबडा ठेवीतच नाहींत. १९४२ सालीं पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतांना महात्मा गांधींनीं आरोग्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं या निर्बीज अंड्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि जो दूध घेतो त्याला असें अंडें घेण्यास हरकत नसावी असा अभिप्राय दिला आहे. तो मानावा कीं न मानावा हा प्रत्येक घराचा प्रश्न. पण ज्या घरांत अंडें खावें कीं नाहीं यावर आजी आणि नातवंडें यांचा वाद आहे, तेथें कोंबडा न ठेवल्यानें त्या वादांतील निदान अर्धा भाग मिटतो.

कोंबड्याच्या बाजूनेंहि दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहींतर न्याय एकतर्फी होईल. खेड्यांत मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांना तो खरा राखणदार असतो. आकाशांत घार दिसली तर तो एका प्रकारची आरोळी देतो, आणि जमिनीवरून मुंगूस किंवा मांजर आलें तर निराळ्या प्रकारची. आणि कोंबड्या ती खूण ओळखून पहिल्या वेळीं झुडपांत दडतात, दुसऱ्या वेळीं माना उंच करून सावध होतात. दाणा सांपडला तर तो स्वतः न खातां कोंबड्यांना बोलावतो. कोंबड्यांतील भांडणें तो मिटवितो. हे गुण खरे आहेत. परंतु शहरांतील खुराड्याला वरून आणि बाजूंनीं बारीक जाळी असते, रात्रीं कडी लागते, आणि घारीचें काम मुळांतच उरत नाहीं. ज्याच्या घराला पोलादी दार आहे त्यानें गस्तवाला ठेवून गल्लीभर शिट्ट्या वाजवावयास लावण्यासारखेंच हें आहे.

तो आरवतो कां, आणि पहाटेच कां आरवतो? 'कोंबडें झांकलें म्हणून उजाडावयाचें राहात नाहीं' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण रचणाऱ्यानें उजाडण्याची काळजी वाहिली. पण झांकलेलें कोंबडें गप्प बसतें कीं नाहीं, हें कांहीं त्यानें सांगितलें नाहीं. तें सांगितलें जपानांतील नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीं, २०१३ सालीं. त्यांनीं कोंबडे सदैव सारख्या अशा मंद उजेडांत ठेवले. बाहेर दिवस आहे कीं रात्र, हें कळण्याचा कोणताहि मार्ग त्यांना ठेवला नाहीं. तरीहि ते अजमासें चोवीस तासांच्या अंतरानें आपल्या ठराविक वेळीं आरवत राहिले. बारा तास लख्ख उजेड आणि बारा तास मंद उजेड असा क्रम ठेवला, तेव्हां लख्ख दिवा लागण्याच्या सुमारें दोन तास आधींच त्यांची बांग सुरू होई. म्हणजे कोंबडा उजेड पाहून आरवतो हें अर्धेंच खरें आहे. त्याच्या शरीरांतच एक घड्याळ आहे, आणि तें सूर्याच्या पुढें चालतें. मोटारीच्या दिव्याचा झोत पडला किंवा दुसऱ्या कोंबड्याची बांग ऐकूं आली तरी तो आरवतो, पण तसें उत्तर तो पहाटेच्या सुमारास अधिक देतो. त्यावरहि त्या आंतल्या घड्याळाचाच अंमल असतो.

आतां आपल्या घड्याळाकडे पाहूं. पुण्यास मेअखेर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यास सात वाजून गेल्यावर. त्यांतून दोन तास वजा केले म्हणजे उन्हाळ्यांत पहाटे चार आणि हिंवाळ्यांत पहाटे पांच, ही कोंबड्याची वेळ झाली. उन्हाळ्यांत नेमक्या त्याच वेळीं हवेंत जरा गारवा येतो, रात्रभर तळमळलेल्या माणसाचा डोळा लागतो, आणि साऱ्या गल्लीच्या खिडक्या उघड्या असतात.

त्याच शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. अनेक कोंबडे एकत्र असले तर त्यांत मानाचा क्रम ठरलेला असतो, आणि पहाटेची पहिली बांग देण्याचा अधिकार पहिल्या मानकऱ्याचा. बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणें त्याच्यामागून आरवतात. पहिल्याला दूर केलें तर दुसरा त्याची जागा घेतो. यांतून आपल्या उपयोगाचा धडा असा निघतो कीं, शेजाऱ्यानें तक्रार केल्यावर मोठा कोंबडा देऊन टाकला आणि 'हा अजून लहान आहे, आरवत नाहीं' म्हणून धाकटा ठेवला, तर त्यानें कांहीं साधत नाहीं. धाकटा गप्प होता तो वयामुळेंच असें नाहीं. मोठ्याच्या धाकानेंहि तो गप्प असूं शकतो. धाक गेला कीं त्याला कंठ फुटतो.

आवाज किती मोठा, याचा हिशेब मांडून पाहूं. आवाजाचें माप डेसिबल. हें माप शेरपायलीसारखें सरळ नाहीं. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ति दसपट होते आणि कानाला तो सुमारें दुप्पट वाटतो. बेल्जियममधील संशोधकांनीं कोंबड्याच्या डोक्यावर यंत्र बसवून त्याची बांग मोजली, ती शंभर डेसिबलांच्या पुष्कळच वर गेली. अशा आवाजानें तो स्वतः बहिरा कसा होत नाहीं? तर चोंच पुरी उघडली म्हणजे त्याच्या कानाची नळी आपोआप मिटते. निसर्गानें त्याच्या कानाची सोय केली. शेजाऱ्याच्या कानाची करावयाची राहिली.

मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. कोंबड्यापासून एक मीटरवर १०० डेसिबल धरले, तर दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२ आणि सोळा मीटरवर ७६ होतात. सोळा मीटर म्हणजे बावन्न फूट. जुन्या शहरांत एवढ्या अंतरांत शेजारच काय, शेजाऱ्याचा शेजारी येतो. उघड्या खिडकीनें दहापंधरा डेसिबल अडविले असें समजूं. तरी उशाशीं साठाहून अधिक उरले. समोर बसून आपण जें बोलतों त्याचा आवाज साधारण तेवढाच असतो. म्हणजे कोणी तुमच्या खाटेपाशीं उभें राहून पहाटे चार वाजल्यापासून मिनिटामिनिटाला तुम्हांला हांक मारीत आहे अशी कल्पना करा.

आपल्या देशांत ध्वनिप्रदूषणाविषयींचे नियम २००० सालीं झाले. त्यांत वस्तीच्या भागासाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळीं सहा. कोंबड्याची वेळ या रात्रींत येते. तथापि ही मर्यादा काळाची सरासरी काढून मोजावयाची असते, आणि बांग तर दोनतीन सेकंदांची. तेव्हां यंत्राच्या सरासरींत एखादा कोंबडा निर्दोष सुटूंहि शकेल. परंतु झोप सरासरीनें मोडत नाहीं. ती एका बांगेनें मोडते, आणि दुसरी बांग केव्हां येईल याची वाट पाहण्यांत उरलेली रात्र जाते. ज्यांच्याकडे तान्हें मूल आहे, दम्याचा रोगी आहे, किंवा रात्रपाळी करून पहाटे घरीं येणारें माणूस आहे, त्यांना हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

न्यायालयांनीं या प्रश्नाकडे कसें पाहिलें आहे, याचीं दोन परदेशी उदाहरणें मोठीं बोधप्रद आहेत. इंग्लंडांत १९३६ सालीं एका गृहस्थानें वस्तीलगतच्या आपल्या बागेंत साडेसातशे कोंबडे ठेवले होते. ते पहाटे दोन ते सातपर्यंत आरवत. शेजारी न्यायालयांत गेला, आणि त्या कोंबड्यांविरुद्ध मनाईहुकूम मिळाला. उलट फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेराँ बेटावर 'मोरिस' नांवाचा एकच कोंबडा होता. सुटीपुरतें तेथें येऊन राहणाऱ्या शेजाऱ्यांनीं त्याच्यावर दावा लावला. २०१९ च्या सप्टेंबरांत रोशफोर येथील न्यायालयानें तो फेटाळला, आणि वादींनाच एक हजार युरो देण्याचा हुकूम केला. पुढें जानेवारी २०२१ मध्यें फ्रान्सनें एक कायदाच केला, आणि खेड्यांतले आवाज व वास हे तेथील वारशाचा भाग आहेत असें त्यांत मान्य केलें. वरवर पाहतां हे दोन निकाल परस्परविरुद्ध दिसतात. पण तसें नाहीं. दोन्ही ठिकाणीं विचार झाला तो जागेचा आणि प्रमाणाचा. जो खेड्यांत राहावयास जातो त्यानें खेड्याचे आवाज सोसावे. जो वस्तींत राहतो त्यानें वस्तीला सोसेल तेवढाच आवाज करावा. आपल्याकडेहि उपद्रव ठरवितांना जागा कोणती, वेळ कोणती आणि साधारण माणसाला तो सोसवेल काय, हेंच पाहिलें जातें. आपल्या नगरपालिकेचे नियम आणि गृहनिर्माण संस्थेचे उपविधी मात्र खुराडें बांधण्यापूर्वींच वाचून घ्यावे. कित्येक ठिकाणीं पक्षी पाळण्यास आधीं परवानगी लागते.

फार प्राचीन काळीं दक्षिण इटलींत सिबॅरिस नांवाची एक सुखलोलुप ग्रीक नगरी होती. तेथील लोकांनीं झोपमोड होऊं नये म्हणून शहरांत कोंबडे ठेवण्यास बंदी केली होती, असें जुने ग्रंथकार सांगतात. त्या नगरीचें नांव आळसाचें उदाहरण म्हणून घेतात. मला मात्र वाटतें कीं, निदान एवढ्या बाबतींत ते लोक शहाणे असावेत.

आतां ज्यांना कोंबडा ठेवावयाचाच आहे त्यांच्यासाठीं. त्याला गप्प करण्याच्या ज्या युक्त्या लोक सुचवितात त्यांतील कांहीं निव्वळ क्रूर आहेत. गळ्यांतील आवाजाचा अवयव शस्त्रानें कापून टाकणें ही त्यांतली पहिली. तिचें नांवहि काढूं नये. दुसरी गळपट्ट्याची. कापडी पट्टा मानेभोंवतीं आवळला म्हणजे एकदम पुष्कळ हवा बाहेर फेंकतां येत नाहीं व बांग लहान होते. पट्टा सैल झाला तर कोंबडा आरवतो आणि घट्ट झाला तर गुदमरतो. या दोहोंमधलें अंतर बोटभरहि नाहीं, आणि तें रोज सांभाळण्याइतकी सवड कोणाला असते? तिसरी युक्ति, मान उंच करतांच येऊं नये अशा बुटक्या पेटींत त्याला रात्रभर कोंडण्याची. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा आहे. पुरेशी हालचाल करतां येणार नाहीं अशा उंचीच्या व रुंदीच्या पिंजऱ्यांत प्राणी ठेवणें हा त्यांत अपराध मानलेला आहे. शिवाय कोंबड्याला घाम येत नाहीं. तो धापा टाकून अंगांतली उष्णता बाहेर टाकतो. एप्रिलमे महिन्यांत बंद पेटींत ठेवलेला कोंबडा सकाळीं गप्प सांपडेल खरा, पण तो कायमचाच गप्प झालेला असावयाचा.

जें करतां येण्यासारखें आहे तें असें. कोंबडा एकच ठेवावा. दोन असले कीं चढाओढ लागते. रात्रीं त्याला कोंबड्यांसह अशा पडवींत घ्यावें, कीं जिची शेजाऱ्याकडील भिंत विटांची आहे आणि जिचें दार आपल्या घराकडे उघडतें. फळ्यांच्या किंवा पत्र्याच्या खुराड्याहून विटांची भिंत आवाज पुष्कळच अडविते. हवेसाठीं झरोके पाहिजेतच, पण ते आपल्याच बाजूस असावे. म्हणजे पहिली बांग प्रथम मालकाला ऐकूं येईल, आणि तेंच योग्य होय. रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा मोटारींचा झोत आंत पडूं देऊं नये. सकाळीं सात वाजेपर्यंत दार उघडूं नये. वर सांगितलेल्या आंतल्या घड्याळामुळें अंधारांतहि तो आरवणारच. पण उजेडानें व बाहेरच्या आवाजांनीं चाळवून येणाऱ्या बांगा कमी होतील, आणि ज्या होतील त्या भिंतीआड राहतील. एवढ्यानें काम भागतें काय? शेजार पन्नास पावलांवर असेल तर बहुधा भागतें. भिंतीला भिंत असेल तर नाहीं, हें मला स्पष्टच सांगितलें पाहिजे.

आणि हें सर्व करण्याच्या आधीं शेजाऱ्याच्या घरीं जाऊन विचारावें. कोंबडा आणल्यावर नव्हे, आणण्यापूर्वीं. आमच्या आळींतली एक गोष्ट सांगतों. एका निवृत्त कारकुनांनीं चार कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. लागून असलेल्या घरांत एक परिचारिका राहात. महिन्यांतले पंधरा दिवस त्यांना रात्रपाळी असे आणि पहाटे चारच्या सुमारास त्या घरीं येत. त्यांनीं पहिले सहा महिने तोंडांतून ब्र काढला नाहीं. आपल्याकडे शेजाऱ्याला असें कांहीं सांगणें जड जातें; माणूस तक्रार करीत नाहीं, तो येणेंजाणें कमी करतो. संक्रांतीला तिळगूळ आला नाहीं, गणपतींत आरतीला कोणी आलें नाहीं. कारकुनांना वाटलें, बाई शिष्ट आहेत. शेवटीं एके दिवशीं जिन्यांत गांठ पडली तेव्हां त्या म्हणाल्या, "काका, रागावूं नका, पण मला सहा महिन्यांत धड झोप नाहीं. काल इंजेक्शन भरतांना माझा हात कांपला." काकांनीं उत्तर दिलें, "अहो ताई, मग हें पहिल्याच आठवड्यांत कां नाहीं सांगितलेंत?" त्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हीं विचारलेंत कधीं?"

कोंबडा त्याच रविवारीं भोरकडच्या एका शेतकऱ्याकडे गेला. चार कोंबड्यांचीं पूर्वीं दिवसाला दोन किंवा तीन अंडीं मिळत, तीं नंतरहि तितकींच मिळत राहिलीं. काकांनीं तीं मोजलीं होतीं, आणि तें पाहून त्यांना जरा आश्चर्यच वाटलें. मला त्या गोष्टींतील हात कांपल्याचें वाक्य विसरतां येत नाहीं. भिंतीपलीकडे जी झोप मोडते तिचा परिणाम भिंतीपाशींच थांबत नाहीं. तो कोठल्या तरी रुग्णालयांतल्या तिऱ्हाईत रोग्यापर्यंत जाऊन पोंचतो, आणि कोंबड्याच्या मालकाला त्याची वार्ताहि नसते.

तेव्हां विचारावयास जातांना 'कोंबडा ठेवला तर चालेल ना?' असें विचारूं नये. त्याला 'हो' याखेरीज दुसरें उत्तर सभ्य माणसाला देतां येत नाहीं. "पंधरा दिवस ठेवून पाहतों, अमुक तारखेला पुन्हां येतों, त्रास झाला असेल तर दुसऱ्या दिवशीं तो गांवीं जाईल," असें सांगावें, आणि त्या तारखेला खरोखरच जावें. घरांत कोण आजारी आहे, कोणाची परीक्षा आहे, कोण रात्रपाळीला जातें, हें आपण होऊन विचारावें. अधूनमधून चार अंडीं नेऊन द्यावीं, त्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र अंडीं दिलीं म्हणजे झोप विकत घेतली असें समजूं नये.

नुसत्या कोंबड्या ठेवल्या तरी शेजाऱ्याला मुळींच त्रास नाहीं असें नव्हे. अंडें घातल्यावर कोंबडी कांहीं मिनिटें मोठ्यानें कोकलते. पण तें दिवसाउजेडीं, आणि बांगेच्या मानानें फार हलकें. खरी तक्रार येते ती वासाची आणि माश्यांची. चारच कोंबड्या, खालीं कोरडा भुसा, आठवड्यांतून दोनदां सफाई आणि पावसाळ्यांत वर पत्रा, एवढें केलें तर तीहि येत नाहीं. क्वचित् एखादी म्हातारी कोंबडी कोंबड्यासारखी आरवूं लागते, आणि मग घरांत अपशकुनाची चर्चा सुरू होते. कोंबडीचें डावें अंडाशय तेवढें काम करीत असतें. तें रोगानें निकामी झालें तर शरीरांतील स्त्रीत्वाचे रस कमी होतात, तुरा वाढतो आणि कंठ बदलतो. तो रोग आहे, शकुन नव्हे.

राहिला प्रश्न पिलांचा. उन्हाळ्यांत कोंबडी खुडूक झाली, खुराड्यांतून उठेनाशी झाली, म्हणजे मुलें पिलांसाठीं हट्ट धरतात. त्यासाठीं कोंबडा आणण्याचें कारण नाहीं. खेड्यांतून, जेथें कोंबडा आहे अशा घरून, आठवडाभरांतलीं ताजीं सबीज अंडीं आणावीं आणि तीं रात्रीं तिच्याखालीं ठेवावीं. अंडें आपलें कीं परक्याचें याची खुडूक कोंबडीला फिकीर नसते. आणखीहि एक सोय आहे. कोंबड्याचा संग एकदां झाला कीं त्यानंतर दहापंधरा दिवसपर्यंत कोंबडी सबीज अंडीं देऊं शकते, कारण बीज तिच्या अंडनलिकेंतील सूक्ष्म नळ्यांत सांठून राहतें. तेव्हां दोन कोंबड्या चार दिवस गांवीं पाठवून परत आणल्या तरी काम होतें. प्रवासानें त्या कांहीं दिवस अंडें देत नाहींत, म्हणून पहिली रीत अधिक बरी.

पिलांत निम्मीं नर निघतात, हें मात्र अंडीं ठेवण्यापूर्वींच ध्यानांत घ्यावें. दीडदोन महिन्यांत त्यांचा तुरा व गालाखालील कल्ले लाल दिसूं लागतात, आणि चारपांच महिन्यांत बहुतेकांना कंठ फुटतो. तोंपर्यंत मुलांनीं त्यांचीं नांवें ठेवलेलीं असतात, आणि मग त्यांना घराबाहेर काढणें म्हणजे आकांत होतो. म्हणून ज्या शेतकऱ्याकडून अंडीं आणलीं त्यालाच, नर परत नेशील काय, असें त्याच वेळीं विचारून ठेवावें. बहुधा तो आनंदानें नेतो. ज्यांना एवढा खटाटोप नको असेल त्यांनीं चार महिन्यांच्या, ओळखूं येणाऱ्या तलंगा विकत घ्याव्या. आणि बाजारांत किंवा जत्रेंत टोपलींत घालून हिरवीं, गुलाबी, निळीं रंगविलेलीं पिलें विकतात, तीं मुलांच्या हट्टापायीं घरीं आणूं नयेत. अंडीं देणाऱ्या जातींच्या उबवणी केंद्रांना जे नर नको असतात, तेच बहुधा रंग लावून तेथें विकावयास आलेले असतात. त्यांतलीं पुष्कळशीं आठवड्याभरांत मरतात, आणि जें एखादें जगतें तें पांचव्या महिन्यांत, पहाटे चार वाजतां, आपण कोण आहों हें साऱ्या आळीला सांगतें.